नवमीची भट्टी

आधीच सांगून ठेवतो, मला त्या ‘नाडी’चा राग आहे. कुणी कितीही कौतुक करू दे. पेपरात फोटो येतात, कॉलेजची मुलं लांबून बघायला येतात, आमच्या एमआयडीसीच्या कमानीवर तिचं चित्रसुद्धा लावलंय. मला विचाराल तर जेवणाच्या डब्याएवढी पेटी, दोन वायरी आणि एक पडदा. पण तिच्यापायी निम्म्या कोल्हापूरच्या कारखानदारीची झोप उडाली. माझी तर उडालीच.

मी महिपती चौगुले. कृष्णतारा मोटर्समध्ये तीस वर्षं भट्टीवर होतो. आमच्या भट्टीत पोलाद शिजायचं. कसं ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय माझा गुन्हा कळायचा नाही.

विजेची मोटर उघडलीत तर आत मुख्य दोन गोष्टी. तांब्याच्या तारेचं वाइंडिंग, आणि ते ज्यात बसवलेलं असतं तो पोलादी गाभा. गाभा अखंड नसतो. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याच्या शेकडो चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. प्रेसमध्ये डाय धाडकन खाली येते आणि चकती कापली जाते. कापताना काठाचं पोलाद चेंगरतं. डोळ्याला काही दिसत नाही, पण चुंबकाला बरोबर कळतं. पोलादाच्या आत चुंबकत्वाचे बारीक बारीक वाडे असतात म्हणा, आणि मोटर चालू झाली की त्या सगळ्यांना सेकंदाला शंभर वेळा तोंड फिरवायला लागतं. चेंगरलेल्या जागी ते अडखळतात. अडखळले की तिथं वीज वाया जाते आणि उष्णता होते.

यावर उपाय भट्टी. चकत्या साडेसातशे अंशांवर न्यायच्या, मुरू द्यायच्या आणि मग दार न उघडता सावकाश थंड होऊ द्यायच्या. अठरा तास. घाई केली तर पोलादाच्या अंगातला ताण जायचा राहिला बाजूला, नवाच ताण बसतो. गाभा खराब झाला की मोटर वीस-वीस अंश जास्त तापते. तारेवरचा लेप भाजत जातो, आणि एक दिवस मोटर जळते. आता गंमत बघा. चूक भट्टीची, पण जळतं वाइंडिंग. उघडून बघणाऱ्याला काळी पडलेली तार दिसते, आणि तो म्हणतो, वाइंडरनं घाण केली. गाभ्याकडे ढुंकूनही कोणी बघत नाही.

आमचा वाइंडर होता ईश्वरा लोहार.

ईश्वरा आणि मी एकाच आठवड्यात कामाला लागलो, एकाच डब्यातलं जेवलो. त्याच्यासारखा हात मी बघितला नाही. डोळे मिटून बोटांनी वेढे मोजायचा आणि यंत्राचा आकडा चुकला तरी त्याचा चुकायचा नाही. तोंड मात्र फटकळ. “म्हैप्या, काय चकत्या पाठवल्यास ह्या? काठ नुसता करवतीसारखा! माझी तार सोलून निघंल. तुझी दाढी कर जा ह्यानं.” असा ओरडायचा, आणि पाच मिनिटांनी हाक मारून अर्धी भाकरी माझ्या पुढ्यात सरकवायचा.

ही नाडी आली चार वर्षांपूर्वी. पोलादावर चुंबक हळूहळू फिरवला की आतले ते वाडे एकदम वळत नाहीत, धक्क्याधक्क्यानं वळतात. कान लावला तर कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. हे शंभर वर्षांपासून ठाऊक होतं. पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या पोरांनी एवढंच केलं, की लाखो गाभ्यांची तडतड त्या पेटीला ऐकवून शिकवली. आता ती कुठलाही गाभा ऐकते आणि सांगते: डाय बोथट होती की धारदार, भट्टीत किती तापला, किती वेळात थंड झाला. पोलादाला कारखान्यात जे जे सोसावं लागलं, ते सगळं.

सरकारनं लगेच कायदा केला. मोठ्या मोटरीला जन्मदाखला पाहिजे. जुन्या मोटरीसुद्धा तपासायला लागले. मग काय विचारता! इचलकरंजीत दोन सख्खे साडू एकमेकांचं तोंड बघेनात, कारण बोथट डाय कुणी चालवली ते वीस वर्षांनी उघडं पडलं. रिटायर झालेल्या फोरमनना घरून बोलावून जाब विचारले. मेलेल्या माणसांच्यासुद्धा चुका निघाल्या. आणि ही पेटी ज्या पोरांनी बनवली, त्यातली एक ईश्वराची मुलगी. अन्विता.

गेल्या फाल्गुनातली गोष्ट. रविवारी सकाळी मी दारात पेपर वाचत बसलो होतो, तर अन्विता गाडीवरून उतरली. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून रंकाळ्याला आलेली पोर.

“ये गं, चहा टाकायला सांगतो.”

“चहा नको काका. आधी हे बघा.” तिनं नाडीचा पडदा माझ्यासमोर धरला. “ज्यांच्यापायी बाबांची नोकरी गेली, त्या रोपवेच्या मोटरी सापडल्या. भंगारवाल्याकडं तीन पडून होत्या. काका, बाबांचं वाइंडिंग चोख होतं. एक वेढा इकडचा तिकडं नाही. गाभेच खराब होते!”

हातातला पेपर कधी खाली पडला ते कळलं नाही.

“नाडी म्हणते भट्टीचं दार लवकर उघडलं. पाचशे-साडेपाचशे अंशांवर. पण कारखान्याच्या नोंदवहीत अठरा तास लिहिलेत, खाली तुमची सही आहे.” ती माझ्याकडे बघत राहिली. “त्या दिवशी काय झालं होतं काका? आठवतंय का काही?”

आठवतंय का? दुसरं काय आठवतं मला?

बारा वर्षांपूर्वीची खंडेनवमी. आमच्याकडे नवमीला सगळी यंत्रं धुऊन पुसून पूजेला लावतात, त्या दिवशी चाक फिरत नाही. म्हणून अष्टमीला भट्टी भरायचीच नाही, असा आमचा रिवाज. पण त्या वर्षी रोपवेच्या मोटरींची घाई होती. मॅनेजर म्हणाला, चौगुले, एक घाणा निघेल का? मी म्हणालो, न निघायला काय झालं? भरली भट्टी. चव्वेचाळीस गाभे.

नवमीला सकाळी मालकांच्या आई आल्या. ऐंशी वर्षांची बाई, नऊवारी, हातात तबक. भट्टी नवी होती, सगळ्यात आधी तिची पूजा करायची असं त्यांनी ठरवलेलं, आणि नारळ फोडायचा मान माझा. मी नवा सदरा घालून उभा. त्यांनी भट्टीवर हात धरला, गरम लागली. म्हणाल्या, “ही चालू आहे का? चालू यंत्राला मी कुंकू नाही लावायची. बंद करा, उघडा, आतून पुसा, मग पूजा.” मुहूर्ताला अर्धा तास होता. सगळे माझ्याकडे बघत होते.

मीटरवर पाचशे चाळीस. मला ठाऊक होतं उघडायची नाही. एवढं बोललो असतो, “आई, आत पोलाद मुरतंय, दुपारी करू या,” तरी त्या बाईनं ऐकलं असतं. खरंच ऐकलं असतं, मायाळू होत्या. पण मला तो नारळ फोडायचा होता हो. साडेसातशेचं पाचशे चाळीसवर आलंय, उरलेलं बाहेर होईल, पोलादाला काय कळतंय, असं मनाशी म्हणालो आणि दार उघडलं. गाभे बाहेर काढून वाऱ्यावर ठेवले. भट्टीला झेंडूचं तोरण बांधलं. दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलं, अठरा तास.

पन्नासात एक गाभा तपासायचा नियम होता, त्या खेपेला नमुना दुसऱ्याच घाण्यातला निघाला. तेहेतीस गाभे ईश्वराकडं वाइंडिंगला गेले, अकरा मांडणीवर राहिले. जानेवारीत पहिली मोटर जळली. फेब्रुवारीत रोपवे मध्येच बंद पडला आणि बत्तीस माणसं चार तास दरीवर लटकली. सुखरूप उतरली, देवाची कृपा. पण टीव्हीवर दिवसभर तेच.

ईश्वरा वेडापिसा झाला होता. रोज एक जळकी मोटर उघडून बसायचा. “माझं चुकलंय कुठं, सांग की रं!” मला मार्चमध्ये शंका आली. मांडणीवरचा एक गाभा गुपचूप टेस्टिंगला लावला. वाया जाणारी वीज जवळजवळ दुप्पट. त्या क्षणाला मला कळलं. बरोबर त्याच क्षणाला.

मग मी काय केलं? सुट्टीच्या दिवशी भट्टीची चाचणी घेतो म्हणून आलो आणि ते अकरा गाभे पुन्हा तापवले. या खेपेला पुरे अठरा तास. म्हणजे पुढच्या मोटरी तरी जळायच्या नाहीत. आणि एप्रिलमध्ये चौकशी बसली, साहेबांनी विचारलं, “भट्टीचं काम?” तेव्हा उभा राहून म्हणालो, “नियमाप्रमाणे, साहेब.” ईश्वरा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता. मे महिन्यात त्याला काढलं.

माझी बायको आजारी होती म्हणून गप्प बसलो असं सांगता आलं असतं, पण ती ठणठणीत होती. पोरगा शिकत होता, तो कसाही शिकलाच असता. खरं कारण एवढंच, की मला भीती वाटली. आणि भीती वाटून एक दिवस गेला, मग एक आठवडा, आणि पुढं पुढं तर तोंड उघडायला जागाच राहिली नाही.

ईश्वराला दुसऱ्या कारखान्यानं घेतलं नाही. रोपवेवाला वाइंडर म्हणून त्याचं नाव झालेलं. एका मंगल कार्यालयात वॉचमन म्हणून लागला. सुरुवातीला भांडायचा, माझी चूक नाही म्हणून अर्ज करायचा. मग एकदा, अन्विता शेजारी बसलेली असताना, मला म्हणाला, “म्हैप्या, त्या आठवड्यात मला कणकण होती बघ. हात हलला असंल का रं माझा?” आणि मी काय म्हणालो असेन? “असेल,” म्हणालो. माझ्या या तोंडानं म्हणालो. त्या दिवसापासून त्यानं तारेला हात लावला नाही. घरचा मिक्सर जळला तर बाजारातल्या दुकानात टाकून आला. कोल्हापुरातला सगळ्यात चांगला वाइंडर! मीही मग त्याच्याकडं जाणं कमी केलं. दिवाळीला फराळाचा डबा पोचवायचा, एवढंच.

हे सगळं अन्विता समोर उभी असताना माझ्या डोळ्यांपुढून सरकलं. तिला मी नवमीचं सांगितलं. नारळाचं, आईंचं, पाचशे चाळीसचं. मार्चचं नाही सांगितलं.

तिनं गाडीची किल्ली हातात घेतली. मग म्हणाली, “हे बाबांना तुम्हीच सांगा. चला.”

ईश्वरा अंगणात तुळशीपाशी खुर्ची टाकून बसला होता. दुपारी कार्यालयात लग्न होतं, गणवेश घालून तयार. मला बघून म्हणाला, “अरे वा, दिवाळी अजून आठ महिने लांब हाय की!”

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसलो असतो तर बोललोच नसतो. अन्वितानं पडद्यावरची रेघ दाखवली. त्यानं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

“परत वाच बघू.”

तिनं परत वाचलं.

“म्हंजे माझ्या हाताचं नव्हतं?”

“नव्हतं बाबा. एकाही मोटरीत नव्हतं.”

त्यानं दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसला. मग रडायला लागला. मोठ्या माणसाला असं रडताना बघवत नाही. “मिक्सर बाहेर टाकला मी,” म्हणाला. “तुझी आई म्हणत होती घरात करा, घरात करा. मी तिला ओरडलो. गेली बिचारी, तिला कळलंच न्हाई.” मला वाटलं, आता शिव्या दे, पायातलं काढून हाण, पण हे नको.

थोड्या वेळानं त्यानं रुमालानं तोंड पुसलं आणि मान वर केली.

“म्हैप्या, तुला कवा कळलं हे?”

अन्विता तुळशीच्या पलीकडं उभी होती, हलली नाही. मला शपथेवर सांगायला सांगा, माझ्या ओठांवर ‘मार्चमध्ये’ आलं होतं. पण ईश्वराचा चेहरा असा होता, की त्याला एकच उत्तर ऐकायचं होतं. का हेही मी आता माझ्या सोयीसाठी म्हणतोय, कुणास ठाऊक.

“आज,” मी म्हणालो. “हिनं सांगितलं तेव्हा.”

त्यानं एवढा मोठा श्वास सोडला. उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मग सुटलास तू. अरं, पूजेच्या गडबडीत दार उघडलंस, त्यात काय? मालकाच्या आईपुढं मी तरी काय बोललो असतो? चूक कुणाची होत न्हाई? माहीत असून गप बसला असतास, तर मातर…”

“तर काय?”

“जाऊ दे. इचारच करवत न्हाई.” आणि अन्विताकडं वळून ओरडला, “अन्वे, च्या टाक की. आणि कपाटावरची माझी ती पत्र्याची पेटी खाली घे.”

त्यानं त्या दिवशी कामावर दांडी मारली. पक्कड, कातर, फायबरची पाती, सगळी हत्यारं अंगणात मांडून पुसत बसला होता मी निघालो तेव्हा. आणि मला सोडायला अन्विता फाटकापर्यंत आली.

“काका,” ती हळू आवाजात म्हणाली, “मी तीन मोटरी म्हणाले ना? चौथीपण सापडलीय. तिची पाटी मार्चअखेरची आहे.”

मी फाटकाची कडी धरली.

“भट्टीत तापलं की पोलादावर काळपट थर धरतो ना, तसे तिच्या गाभ्यावर दोन थर आहेत. भिंतीला दोनदा रंग दिला की खालचा कळतो ना, तसा. पहिल्यांदा नवमीला बिघडवलेला, आणि नंतर कुणीतरी पुन्हा तापवून दुरुस्त केलेला. शांतपणे, पुरे अठरा तास.” तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. “भट्टीची किल्ली तुमच्याकडंच असायची. आणि चौकशी एप्रिलमध्ये झाली. मी सकाळी तुमच्याकडं हेच बघायला आले होते, की तुम्ही होऊन सांगता का. म्हटलं मला नाही, तर बाबांना तरी सांगाल.”

“आत्ता सांगतो,” मी म्हणालो. खरंच वळलो होतो मी. तिनं माझी बाही धरली.

“खबरदार.”

“अन्विता, अगं मला—”

“तुम्हाला हलकं वाटेल, माहितीय. बाबांचं काय? बारा वर्षांनी त्यांना आज त्यांचे हात परत मिळालेत. आणि त्याच दिवशी त्यांना सांगायचं, की तुमच्या शेजारी बसून, सगळं माहीत असून, तुमच्या मित्रानं तुम्हाला बुडवलं? ‘हात हलला असेल’ म्हणून वर शिक्काही मारला? ते पुन्हा उठायचे नाहीत काका. चौथी मोटर मी दाखल्यात घालणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी रिपोर्टमध्ये खोटं करतेय, तुमच्यापायी.”

“मग मी काय करू सांग.”

“यायचं. दर रविवारी. पूर्वी येत होता तसं, जेवायला. नाही आलात तर ते मला विचारतील, महिपती का येत नाही. आणि मला खोटं बोलायची सवय नाही.”

तर असं चाललंय आता. कृष्णतारा मोटर्सनं ईश्वराला पत्र पाठवून माफी मागितली, ते त्यानं चौकट करून लावलंय. मला कुणी काही केलं नाही. पूजेच्या वेळी अनवधानानं झालेली चूक, असं लिहून प्रकरण मिटलं. ईश्वरानं वॉचमनची नोकरी सोडली आणि घराच्या पडवीत वाइंडिंगचं काम सुरू केलंय. गावाबाहेरून लोक मोटरी घेऊन येतात. बोटं जरा आखडलीत, पण आकडा अजून चुकत नाही.

दर रविवारी अकरा वाजता मी जातो. एकदा ताप होता म्हणून गेलो नाही, तर हा रिक्षा करून माझ्या दारात हजर, हातात पेजेचं भांडं. आम्ही शेजारी शेजारी बसतो. तो तार भरतो, मी कागद कापून देतो. अन्विता पुण्याहून आली असली की पानं वाढते, मला आग्रहानं दुसरी भाकरी वाढते, आणि माझ्याकडे बघत नाही.

आणि कुणी नवं गिऱ्हाईक आलं, की ईश्वरा हातातलं काम थांबवतो. माझ्या पाठीवर थाप मारतो आणि ओळख करून देतो. दरवेळी तेच सांगतो, आणि सांगताना त्याचा चेहरा असा फुललेला असतो, की मला मान खाली घालायचीही सोय राहत नाही.

“हा आमचा म्हैप्या. त्या रोपवेची चूक ह्याची होती बरं का. पण माणूस बघा कसला, ज्या दिवशी कळलं, त्याच दिवशी उभ्या पायानं माझ्याकडं सांगायला आला. काय रं?”

आणि मी हो म्हणतो.